पाण्याचा दिवस

आम्हा सोलापूरकरांच्या घरात दोन कॅलेंडरं असतात. एक भिंतीवरचं आणि एक नळाचं. नळाच्या कॅलेंडरात सोमवार-मंगळवार नसतात, फक्त पाण्याचा दिवस असतो आणि बाकीचे दिवस असतात. चार दिवसांआड, ऊन फार चढलं की पाच दिवसांआड पाणी येतं. चादरी कधी धुवायच्या, पाहुण्यांना कधी या म्हणायचं, लग्नाला गेलं तर मुक्काम करायचा की रात्रीच परतायचं, हे सगळं त्या दिवसावर ठरतं. मी जुळे सोलापुरात राहते. गेल्या उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं की हे दुसरं कॅलेंडर पाळणारी एक टिटवीही आमच्या कॉलनीत आहे.

आमच्या घराला लागून एक मोकळा प्लॉट आहे. मालक पुण्याला असतात. प्लॉटवर मुरूम, फुटक्या विटा, वाळून काड्या झालेलं काँग्रेस गवत आणि कोपऱ्यात एक वेडी बाभूळ. दुपारी शेळ्या येऊन बसतात, संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात. एरवी तिकडे कुणी बघतही नाही. मी बघायला लागले ते कुरडयांमुळे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गच्चीवर कुरडया घातल्या होत्या आणि कावळे हाकलायला मी टाकीच्या सावलीत पाट टाकून बसले होते. समोरच्या प्लॉटवर एक टिटवी चालत होती. चार पावलं, थांबली. मान वळवून इकडेतिकडे पाहिलं. पुन्हा चार पावलं. मग एका जागी उभी राहून तिने पायांमधल्या जमिनीकडे पाहिलं, चोचीने काहीतरी सारखं केलं आणि अंगाची पिसं फुगवून हळूच खाली बसली. मोकळ्या मुरमावर, सकाळी अकराच्या उन्हात, चार हातांवर बाभळीची सावली पडलेली असताना.

टिटवी काही आमच्याकडे नवी नाही. काळं डोकं, काळी छाती, डोळ्यापुढे लाल मांसल पट्टी, पिवळे लांब पाय, आणि तो आवाज. रात्री अडीच वाजता तो आवाज आला की माझी आई झोपेतच "जा बाई, तिकडं जाऊन बोल" म्हणायची. टिटवी ओरडली की वाईट बातमी येते, ही समजूत आमच्या घरात पक्की होती. आता मला वाटतं, रात्री टिटवी ओरडते तेव्हा संकट खरंच आलेलं असतं, पण ते तिच्या दारात. कुत्रं, मांजर, मुंगूस. आपण उशीवरून कूस बदलत तिला नावं ठेवत असतो.

त्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी प्लॉटवर गेले. गच्चीवरून जागा नीट हेरून ठेवली होती, अर्ध्या विटेच्या डावीकडे दोन पावलं. दोन्ही टिटव्या डोक्यावरून घिरट्या घालत ओरडत होत्या आणि मला काही केल्या अंडी दिसेनात. उभ्या जागी खाली वाकले तेव्हा माझ्या चपलेपासून वीतभरावर ती होती. चार अंडी. मुरमाच्याच रंगाची, वर काळे-तपकिरी डाग, चारही अंड्यांची निमुळती टोकं आत वळलेली. खाली उथळसा खळगा, त्यात सुपारीच्या खांडाएवढे खडे आणि शेळीच्या लेंड्या. एवढंच घरटं. ना काडी, ना कापूस. मी आल्या पावली मागे फिरले, आणि त्यानंतर अंडी फुटेपर्यंत त्या जागेच्या जवळ गेले नाही. जे पाहिलं ते गच्चीवरून, मुलाच्या जुन्या दुर्बिणीतून.

दुसऱ्या दिवशी पोरांना सांगितलं. त्यांनी उत्साहाने घरट्याभोवती लाल विटांचं रिंगण केलं आणि काठीला फडकं बांधून झेंडा लावला. टिटवी तासभर जवळ आली नाही. अंडी उन्हात उघडी. मी खाली जाऊन पोरांच्याच हातून एकेक वीट काढायला लावली. मुरमात मुरमासारखं दिसणं हेच तिचं कुंपण आहे हे त्यांना पटायला वेळ लागला नाही. दुसरीकडे जागा शोधून खेळायचं हेही त्यांनीच ठरवलं.

आता त्या तासाभराची मला एवढी काळजी का वाटली, ते सांगायला हवं. अंडं म्हटलं की आपल्या डोक्यात उबेची गोष्ट येते. पक्षी अंड्यावर बसतो तो त्याला ऊब द्यायला, म्हणून शब्दच उबवणं. कोंबडीची अंडी उबवायच्या यंत्रात तापमान साडेसदतीस अंशांच्या आसपास राखतात. पक्ष्यांच्या अंड्यांना साधारण तेवढंच मानवतं. बराच वेळ चाळिशीच्या पुढे गेलं की आतला जीव वाचणं अवघड होतं. आणि सोलापूरचा एप्रिल-मे सगळ्यांना ठाऊक आहे. ४२, ४३ अंश ही हवेतली, सावलीतली उष्णता. उन्हातल्या मुरमावर तर अनवाणी पाऊल टेकवत नाही. त्या जमिनीवर उघडं पडलेलं अंडं उबत नाही, शिजतं.

तेव्हा टिटवी दुपारी तिथे जे करत होती ते उबवणं नव्हतंच. सकाळी नऊपर्यंत ती अंड्यांना पोट टेकून बसायची. दहानंतर ती उठायची आणि अंड्यांवर उभी राहायची, पाय किंचित वाकवून, पंख अंगापासून जरा सुटे धरून. सूर्य सरकेल तशी ती सरकायची, जेणेकरून तिच्या अंगाची सावली अंड्यांवरून हलू नये. चोच उघडी, गळा धडधडत असलेला. पक्ष्यांना घाम येत नाही, असं धापा टाकूनच त्यांना अंगातली उष्णता बाहेर टाकावी लागते. बाभळीची सावली चार हातांवर होती. तिकडे ती गेली नाही. दुपारी बारा ते चार मी पंख्याखाली बसून खिडकीतून पाहत होते आणि ती तिथे उभी होती.

याला शब्द काय? सावली धरणं म्हणावं तर आपण छत्री धरतो तेव्हाही तेच म्हणतो. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली याच सोलापुरात १९३२ साली जन्मले आणि २०२५ च्या जूनमध्ये इथेच गेले. कावळ्यांच्या वसाहतीला त्यांनी काकागार म्हटलं. पाखरांच्या एकेका गोष्टीला मराठीत नाव असावं असं ज्यांना मनापासून वाटलं, ते हे गृहस्थ. उन्हातल्या या कामाचाही एखादा शब्द त्यांच्याजवळ नक्की असता.

दोन्ही टिटव्या आळीपाळीने हे करत होत्या. नर कोणता, मादी कोणती हे दिसण्यावरून कळत नाही, म्हणून मी दोघांनाही 'ती'च म्हणते आहे. पाळी बदलायच्या वेळी येणारी टिटवी लांब उतरायची आणि भलत्याच दिशेला चालत, काही टिपल्यासारखं करत, वळसा घालून घरट्याशी यायची. पाहणाऱ्याला जागा कळू नये म्हणून. आणि तीन-चार दिवसांनी मला आणखी एक गोष्ट दिसली. परत येणाऱ्या टिटवीचं पोट ओलं असायचं.

पहिल्यांदा वाटलं भास झाला. दुर्बीण नीट केली. पांढऱ्या पोटाची पिसं एकमेकांना चिकटून टोकदार झाली होती आणि त्यांतून थेंब गळत होते. ती चालत यायची, मुरमावर एकेक काळा ठिपका पडायचा आणि पुढचा पडेपर्यंत मागचा सुकलेला असायचा. घरट्याशी येऊन ती पोट खाली टेकवायची, अंग जरा डावीउजवीकडे हलवायची, आणि ओल अंड्यांवर जायची. ते पाणी सुकताना अंड्याची उष्णता घेऊन जातं. आपला माठ ज्या तत्त्वावर पाणी गार ठेवतो त्याच तत्त्वावर. टिटव्यांची ही सवय पक्षी पाहणाऱ्यांना जुनी माहीत आहे, मी वाचलीही होती. पण वाचणं वेगळं. आपल्या ओळखीच्या प्लॉटवर भर दुपारी पोटाला पाणी लावून चालत येणारा जीव पाहिला की घशाशी काहीतरी येतं.

'टिटवी देखील समुद्र आटविते' ही म्हण आपल्याकडे आहे. समुद्राने अंडी पळवली म्हणून त्याला आटवायला निघालेली ती हट्टी पाखरं. आमची टिटवी उलटं काम करत होती. कोरड्या ठणठणीत जागेवर पोटाने पाणी आणून ओतत होती.

आणि इथे ते नळाचं कॅलेंडर आलं. पाण्याच्या दिवशी सगळ्यांच्या टाक्या भरून वाहतात, कुणाचा तरी बॉल कॉक बिघडलेला असतो, कुणी अंगण धुतं, आणि गटारीच्या कडेला दिवसभर ओल राहते. त्या दिवशी टिटवी उठायची, प्लॉटच्या टोकाला जायची आणि दोन मिनिटांत पोट भिजवून परत. एरवीच्या दिवशी गटार कोरडी. मग ती उडून मोठ्या रस्त्याच्या दिशेला जायची. तिकडे गाड्या धुवायचं दुकान आहे, त्याच्या मागे डबकं असतं. जाऊन यायला दहा मिनिटं, कधी जास्त. तेवढ्या अंतरात उन्हातून उडत आल्यावर पोटाची ओल किती उरत असेल? मी वहीत वेळ लिहायला लागले. पाण्याच्या दिवशी दुपारी बारा ते तीनमध्ये सहा-सात खेपा. बाकीच्या दिवशी दोन, फार तर तीन.

आमच्या नळाचं पाणी उजनी धरणाचं. शंभरावर किलोमीटरवरून पाइपने येतं, काही भीमेतून औजच्या बंधाऱ्यात येतं. ते सगळं अंतर कापून आलेलं पाणी कुणाच्या तरी बिघडलेल्या बॉल कॉकमुळे गटारीत सांडतं आणि तिथून एका पाखराच्या पोटाला लागून चार अंड्यांपर्यंत पोचतं. तिकडे उजनीत याच दिवसांत पाणी खाली गेलेलं असतं, उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय पक्षी अंडी घालतात. त्यांचीही अंडी अशीच वाळूवर, अशीच उन्हात. पाणी आणखी उतरलं की बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री चालत आत येतात. एकाच पाण्याच्या दोन टोकांना दोन आया.

मी घमेलं काढलं. बांधकामाच्या वेळचं, गंजलेलं, पण गळत नव्हतं. त्यात दोन बोटं पाणी घालून आमच्या कंपाउंडलगत, प्लॉटच्या बाजूला ठेवलं. घरट्यापासून पंधरा-वीस फुटांवर. पहिले तीन दिवस ती त्याच्याकडे फिरकली नाही. साळुंक्या आल्या, बुलबुल आले, एक होला तर पाण्यात बसूनच राहिला. ती लांबून बघायची आणि मोठ्या रस्त्याकडे उडायची. चौथ्या दिवशी, दुपारी पावणेदोनला, ती चालत आली. घमेल्याच्या काठावर मान वर करून मिनिटभर उभी. मग आत एक पाय, दुसरा पाय. पोट टेकवलं, पिसं फुगवली आणि छातीखालचं अंग चार वेळा इकडून तिकडे घासलं, आपण परातीत कणीक मळताना हात फिरवतो तसं. बाहेर पडली आणि न झटकता, पळतच घरट्याकडे गेली. मी खिडकीच्या गजाला धरून उभी होते. चहा गार झाला होता.

त्याच सुमाराला घरात दुसरी गोष्ट घडली होती. बेडरूमच्या खिडकीतल्या कूलरवर होल्याच्या जोडीने घर मांडलं. होल्याचं घर म्हणजे मोजून पंधरा-वीस काड्या, खालून पाहिलं तर पांढरी अंडी दिसतात. नवरा कूलरचं गवत बदलायला गेला आणि तसाच परत आला. "यंदा पंखाच," म्हणाला. दोन आठवडे अंड्यांचे, मग आणखी जवळपास तेवढेच पिल्लांचे, म्हणजे अख्खा एप्रिल. आम्ही जमिनीवर पाणी मारून, ओली चादर खिडकीला लावून झोपलो. सवय होते. माझ्या लहानपणी कुठे कूलर होता?

त्या काड्यांमध्ये एक हिरवा धागा होता. सुती, पीळ दिलेला. टॉवेलच्या काठाला असतो तसा. कुठून आणला कोण जाणे, पण तो धागा बघितला आणि मी थेट आमच्या जुन्या घरात, साखर पेठेच्या मागच्या गल्लीत पोचले.

माझे वडील, अण्णा, यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. मागात काय बिघडलंय ते कान देऊन ओळखायचे आणि दुरुस्त करायचे. डबा द्यायला मी जायची. शेडमध्ये माग सुरू असताना बोललेलं ऐकू येत नाही, ओठ बघून समजून घ्यायचं. आणि त्या आवाजात चिमण्या राहायच्या. मेन स्विचच्या पेटीमागे, पत्र्याखालच्या अँगलवर, ट्यूबलाइटच्या पट्टीवर. पिल्लं चोची उघडून ओरडताना दिसायची, पण आवाज नाही. कितीतरी वर्षं मला वाटायचं की चिमणीची पिल्लं मुकीच असतात. सुट्टीच्या दिवशी, माग बंद असताना एकदा गेले, तर सगळी शेड चिवचिवाटाने भरलेली! तेव्हा मी चकित होऊन अण्णांकडे पाहिलं होतं. त्यांना गंमत वाटली.

आमच्या गल्लीत चिमणीला चार नावं होती. आम्ही चिमणी म्हणायचो, समोरची पद्मशाली अव्वा पिच्चुक म्हणायची, पलीकडे कानडी घरात ती गुब्बी होती आणि कोपऱ्यावरच्या खालांकडे चिडिया. चारही भाषांतून तिला तांदळाच्या कण्या मिळायच्या. तिची घरटी मात्र सगळी एकाच मालाची. खाली पडलेला सुताचा चोथा, लाल, निळा, हिरवा, पिवळा. चादरीच्या रंगांची घरटी. दिसायला इतकी सुंदर, आणि तीच पिल्लांच्या जिवावर उठायची. सुती धागा तुटत नाही. गवताची काडी पायाला अडकली तर मोडते, सूत आवळत जातं.

एकदा एक पिल्लू घरट्याखाली लटकलेलं दिसलं. पायाला निळ्या धाग्याचा वेढा, उलटं लोंबतंय, चिमणी भोवती फडफडतेय. अण्णांनी माग बंद केला. पीसरेटवर, म्हणजे जेवढं विणलं तेवढ्याच मजुरीवर, पोट असलेल्या माणसांच्या शेडमध्ये माग बंद करणं म्हणजे काय, ते ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांनाच कळेल. बीमच्या चौकटीवर चढून त्यांनी पिल्लू डाव्या मुठीत घेतलं. मूठ इतकी हलकी की बोटांच्या फटीतून पिल्लाचा श्वास दिसत होता. धागा पायात रुतला होता, भोवती सूज. खिशातल्या छोट्या कात्रीचं टोक त्यांनी धाग्याखाली सरकवलं, घाई केली नाही. ताण्याचा तुटलेला धागा सांधायचे तीच ती बोटं. कट्. दुसरा वेढा. कट्. मग उरलेले सैल धागे घरट्यातून ओढून काढले आणि पिल्लू परत ठेवलं. खाली उतरून माग चालू केला आणि माझ्याकडे बघून ओठांनीच म्हणाले, "जगतंय." आवाज आला नाही, पण मी वाचलं.

म्हणून सांगते, उन्हाळ्यात सूत, मांजा, प्लास्टिकची सुतळी, केसांची गुंतवळ गच्चीवर-अंगणात टाकू नका. पाखरांना घरट्यासाठी म्हणून कुणी मुद्दाम दोरे ठेवतात, तेही नको. होल्याच्या घरट्यातला तो हिरवा धागा मी आखूड पाहून घेतला, बोटभरच होता, म्हणून राहू दिला.

२४ एप्रिलला सकाळी साडेआठला टिपरचा आवाज आला. प्लॉटवर मुरूम टाकून सपाटी करायची होती, पावसाच्या आत कंपाउंड बांधायचं म्हणून. मी चपला न घालताच धावले. ड्रायव्हर पंचविशीचा पोरगा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

"काय झालं ओ ताई?"

"टिटवीची अंडी आहेत इथे. टाकू नकोस."

"किती हायत?"

"चार."

"चार?" त्याने इंजिन बंद केलं. "मग चार महिने पाऊस हाय की यंदा!"

टिटवीची जितकी अंडी तितके महिने पाऊस, हे त्याच्या आज्ज्याने त्याला सांगितलेलं. टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते, दुष्काळाच्या वर्षीही घालते. मला ते माहीत आहे, पण मी बोलले नाही. तो खाली उतरला, लांबूनच पाहिलं, आणि "मालकाला सांगतो गाडी नादुरुस्त हाय म्हणून" असं म्हणून भरलेला टिपर मागे घेऊन गेला. मला ते खोटं नको होतं. मी मालकांचा नंबर शोधून फोन केला. पक्ष्याची अंडी फोडणं, घरटं विस्कटणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीतच मोडतं, हे माझ्या जिभेवर होतं, पण तिथपर्यंत जावं लागलं नाही. "किती दिवस लागतील?" त्यांनी विचारलं. अंड्यातून पिल्लं निघायला साधारण अठ्ठावीस दिवस. माझ्या हिशेबाने मेचा पहिला आठवडा. "अंडी उचलून टोपलीत ठेवून बाजूला ठेवता येणार नाहीत का?" तेही त्यांनी विचारलं, चांगल्या मनाने. मी म्हटलं, नाही हो. तिच्या लेखी घर म्हणजे ती जागा. अंडी हलवली तर ती सोडून जाईल. ते थोडं थांबले आणि म्हणाले, "बरं. झालं की तुम्हीच फोन करा."

मधल्या एका रविवारी आम्ही पहाटे नान्नजला गेलो. बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटर. १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं ते हे. माळढोक दिसेल या आशेने आता कुणी जात नाही, आम्हीही गेलो नव्हतो. एका वेळी एकच अंडं, तेही उघड्या माळावर, अशा पाखराला आपण माळच ठेवला नाही. कोरड्या गवतावर डोंबारी मात्र जागे होते. चिमणीएवढा, पोटाने काळा चंडोल. पायऱ्या चढल्यासारखा वर जातो, पंख मिटून खाली कोसळतो, जमिनीला टेकणार तोच पुन्हा वर, आणि त्या कोसळण्यात एक लांबलचक शीळ. डोंबाऱ्याच्या खेळावरून ज्याने नाव ठेवलं त्याला शंभर नमस्कार. त्याची मादी तिथेच कुठेतरी ढेकळाच्या आडोशाला, जनावराच्या खुराने पडावा एवढ्या खळग्यात बसलेली असणार.

मला पाहायच्या होत्या पखुर्ड्या, माळावर राहणारी कबुतरासारखी पाखरं. माळाच्या कडेला एका पाझर तलावाचं डबकं उरलं होतं. आठच्या सुमाराला 'कुट्रो, कुट्रो' आवाज करत त्या थव्याने आल्या आणि पाण्यापासून जरा लांब उतरल्या. सगळ्या मातीच्या रंगाच्या. भराभरा पाण्याशी आल्या, पाच-सात घोट घेतले, उडाल्या. दोन नर मात्र मागे राहिले. ते पाण्यात शिरले, पोट बुडवून डोलत राहिले. नर पखुर्डीच्या पोटाची पिसं टिपकागदासारखी पाणी धरून ठेवतात. तसं भिजून तो माळावर पिल्लांकडे उडत जातो, ताठ उभा राहतो, आणि पिल्लं त्याच्या पिसांतून पाणी ओढून पितात. ते दोघे उडाले तेव्हा माझा मुलगा म्हणाला, "आई, आपल्या टिटवीसारखं." मी मान हलवली. बोलता आलं नाही.

५ मेला संध्याकाळी टिटवीचं वागणं बदललं. ती बसायची, उठायची, खाली मान घालून बघायची. अंड्यातलं पिल्लू बाहेर यायच्या आधी आतून बोलतं. तिला ते ऐकू येत असावं. ६ तारखेला सकाळी सहाला मी गच्चीवर गेले तेव्हा तिच्या छातीच्या पिसांतून एक डोकं बाहेर आलं होतं. करडं, ठिपक्यांचं, मानेला पांढरा पट्टा. आठपर्यंत दोन झाली, दहाच्या आत तीन. ओली पिसं तासाभरात सुकली आणि ते कापसाचे गोळे लांब काटक्यांसारख्या पायांवर उभे राहून चालायलाच लागले. भरवणं नाही, घास नाही. आपलं आपण टिपायचं. आई ओरडली की जिथे असतील तिथे जमिनीला चिकटायचं आणि मुरूम होऊन जायचं. एकदा डोळ्यांसमोर तिन्ही अशी नाहीशी झाली की दुर्बिणीतून दहा मिनिटं शोधत होते.

दुपारी बारा वाजता तिने हाक घातली. तिन्ही पिल्लं धावत येऊन तिच्या पोटाखाली शिरली. पोट त्यांच्यापुरतं वर उचलून ती उभी राहिली, पंख जरा सुटे, चोच उघडी. दुर्बिणीतून नुसते पाय दिसत होते. दोन पिवळे आणि सहा करडे, एका टिटवीला आठ पाय. सूर्य सरकला की आठही पाय थोडे थोडे सरकत.

संध्याकाळी ती पिल्लांना घेऊन गटार ओलांडून पलीकडच्या प्लॉटवर गेली. चौथं अंडं मागे राहिलं होतं. दोन दिवस मी वाट पाहिली. टिटवी परत आली नाही. तिसऱ्या दिवशी मी जवळ जाऊन हात लावला. ते भोवतीच्या खड्यांइतकंच तापलेलं होतं.

मी पुण्याला फोन केला. "आता टाका मुरूम."

"किती झाली?" मालकांनी विचारलं.

"तीन."

दुसऱ्या दिवशी तोच पोरगा टिपर घेऊन आला. कोपऱ्यावर गाडी थांबवून उतरला आणि सगळा प्लॉट एकदा पायी फिरला, खाली बघत. अंडं दिसल्यावर त्याने डोक्याचा टॉवेल सोडला, त्यात ते उचलून वेड्या बाभळीच्या बुडाशी नेऊन ठेवलं.

"तीनच झाली का ओ ताई?"

"हो."

"म्हंजे तीन महिने," तो म्हणाला आणि गाडीत चढला.

मी घमेलं उचलून गटारीपलीकडे नेलं. आता त्यात पिल्लंही उतरणार होती, म्हणून पाणी बोटभरच घातलं आणि मधे एक चपटा दगड ठेवला. पाण्याचा दिवस दोन दिवसांवर होता.